निवडलेले आणि नेमलेले

दर दोन वर्षांनीं राज्यसभेचे सुमारें एक-तृतीयांश सभासद आपली मुदत संपवून घरीं परततात आणि त्यांच्या जागीं नवी मंडळी दिल्लीस दाखल होते. त्या सुमारास वर्तमानपत्रांतून हारतुऱ्यांचीं छायाचित्रें झळकतात, ज्याच्या त्याच्या गांवीं अभिनंदनाचे फलक लागतात, आणि आठवडा उलटण्यापूर्वींच सर्व कांहीं विस्मृतींत जातें. लोकसभेच्या निवडणुकीची गोष्ट निराळी. तिची धामधूम घराघरांत शिरते. आजोबांपासून नुकत्याच मतदार झालेल्या नातीपर्यंत प्रत्येकास मत असतें, आणि जेवणाच्या पंगतींत त्यावरून चार शब्द वाजतातही. राज्यसभेंत कोण गेलें, कोणत्या वाटेनें गेलें आणि गेल्यावर त्यानें काय केलें, याची चौकशी मात्र चांगल्या वाचत्या घरांतूनही क्वचितच होते. वस्तुतः आपल्या विवाहाचा, वारशाचा आणि दत्तकाचा जो कायदा आज चालू आहे, तो या सभागृहाच्या संमतीवांचून झालेला नाहीं. तेव्हां तेथें नव्यानें पाऊल टाकणाऱ्या सभासदाची थोडी विचारपूस करणें अप्रस्तुत होणार नाहीं असें वाटतें.

या सभागृहांत जाण्याच्या वाटा दोन. पहिली निवडणुकीची. राज्याच्या विधानसभेचे निवडून आलेले आमदार पसंतीचा क्रम लावून मत देतात आणि त्यांतून राज्यसभेचा सभासद ठरतो. या पद्धतीचें गणित प्रथमदर्शनीं अवघड वाटतें, परंतु तें शाळेंतील मुलासही सुटण्यासारखें आहे. समजा, महाराष्ट्रांतून सहा जागा भरावयाच्या आहेत आणि विधानसभेच्या सर्व २८८ आमदारांनीं मत दिलें. प्रत्येक मताचें मोल शंभर धरितात. म्हणजे एकूण मोल २८,८०० झालें. त्यास जागांच्या संख्येपेक्षां एकानें अधिक, म्हणजे सातानें, भागावें आणि येणाऱ्या पूर्णांकांत एक मिळवावा. ४,११५ हा आंकडा येतो. तेवढें मोल भरून निघण्यास पहिल्या पसंतीचीं ४२ मतें लागतात. ज्या पक्षापाशीं बेचाळीस आमदार त्याचा एक सभासद, हा याचा रोकडा अर्थ. शिवाय २००३ पासून पक्षाच्या आमदारास आपली मतपत्रिका पक्षाच्या प्रतिनिधीस दाखवावी लागते. त्यामुळें गुप्त मताचा आडपडदाही उरलेला नाहीं.

दुसरी वाट नेमणुकीची. संविधानाच्या ८० व्या कलमान्वयें साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा अशा विषयांचें विशेष ज्ञान किंवा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या बारा व्यक्तींस राष्ट्रपति नेमतात. अर्थात् हें मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानें होतें. या चार विषयांच्या यादींत क्रीडा नाहीं आणि कायदाही नाहीं. तथापि १९५२ सालच्या पहिल्या बारांत अल्लादि कृष्णस्वामी अय्यर हे कायदेपंडित होते, २०१२ सालीं सचिन तेंडुलकर हे क्रिकेटपटु आले, आणि २०२५ सालीं सरकारी वकील म्हणून प्रसिद्धीस आलेले उज्ज्वल निकम आले. यावरून कलमाचा अर्थ व्यवहारांत किती सैल धरला जातो हें दिसून येईल. लोकसभेंतही अँग्लो-इंडियन समाजासाठीं नेमणुकीच्या दोन जागा असत. त्या २०२० सालीं बंद झाल्या. आतां राज्यसभेच्या २४५ जागांपैकीं २३३ निवडणुकीच्या आणि १२ नेमणुकीच्या आहेत. महाराष्ट्राच्या वांट्यास त्यांपैकीं निवडणुकीच्या १९ येतात.

वाट कोणतीही असो, उंबरठा एकच आहे. नव्या सभासदाचें नांव पुकारलें जातें. तो पुढें येऊन ईश्वराला स्मरून शपथ घेतो, किंवा ज्यास तसें नको असेल तो गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करितो. संविधानाशीं निष्ठा राखण्याचें, देशाची सार्वभौमता आणि एकात्मता उन्नत राखण्याचें आणि पत्करलेलें कर्तव्य इमानानें पार पाडण्याचें वचन देतो, आणि सभासदांच्या नोंदवहींत सही करून आपल्या जागीं जाऊन बसतो. दोन मिनिटांचें काम. पण तें झाल्यावांचून कोणी सभागृहांत बसला किंवा त्यानें मत दिलें, तर दर दिवसास पांचशें रुपये दंड १०४ व्या कलमानें सांगितला आहे. शपथेनंतर मात्र तो सभागृहांत जें बोलेल त्याबद्दल कोणत्याही न्यायालयांत त्यास जाब विचारतां येत नाहीं. एवढें मोठें अभय सामान्य नागरिकास नाहीं.

आपल्या घरांतील परिभाषेंत बोलावयाचें तर निवडलेला सभासद औरस आणि नेमलेला दत्तक. दत्तकविधान झालें कीं मुलाचें गोत्र, नांव आणि घर बदलतें. मग त्यास परका म्हणण्याची सोय उरत नाहीं. मात्र दत्तक घेतल्यावर औरस पुत्र झाला, तर दत्तकाचा वांटा कमी करावा असें जुन्या शास्त्रांत सांगितलें होतें. राज्यसभेंतही थोडेंसें असेंच आहे. नेमलेल्या सभासदास विधेयकावर मत आहे, प्रश्न विचारण्याचा आणि स्वतःचें विधेयक मांडण्याचा हक्क आहे, उपराष्ट्रपतीच्या निवडणुकींतही मत आहे. फक्त राष्ट्रपतीच्या निवडणुकींत मत नाहीं. ज्यांच्या सहीनें आपण आलों त्यांच्या पदाच्या निवडणुकींत आपण असूं नये, ही मर्यादा रास्तच म्हटली पाहिजे.

या नेमणुकींवर आक्षेप पहिल्यापासून घेतला जात आहे. ज्यास एकाही माणसानें मत दिलें नाहीं, त्यानें कोट्यवधि लोकांवर बंधनकारक होणाऱ्या कायद्यास मत कां द्यावें, असा तो आक्षेप आहे, आणि तो सहज झटकून टाकण्यासारखा नाहीं. सत्तेवर असलेला पक्ष आपल्या मर्जींतील माणसास मागच्या दारानें आंत घेईल ही भीतिही अनाठायीं नाहीं. नेमलेल्या सभासदास शपथेनंतर सहा महिन्यांच्या आंत एखाद्या पक्षांत सामील होण्याची मुभा दहाव्या अनुसूचीनें दिलेली आहेच. पण याच न्यायानें बेचाळीस आमदारांच्या हिशेबानें आलेला सभासद तरी लोकांनीं कितीसा पारखलेला असतो? त्याचेंही नांव पुष्कळदां पक्षाच्या बैठकींत ठरतें. म्हणजे दोघांचीही खरी पारख आंत गेल्यावरच व्हावयाची. हें जुन्या आणि नव्या दोन्ही काळांतील उदाहरणांनीं अधिक स्पष्ट होईल.

निवड आणि नेमणूक यांतील भेद आज जितका ठळक दिसतो तितका शंभर वर्षांपूर्वीं नव्हता. १८९२ च्या कायद्यांत निवडणूक हा शब्दसुद्धां नव्हता. प्रांतिक कौन्सिलांतील बिनसरकारी सभासदांनीं एका नांवाची शिफारस करावयाची आणि व्हाइसरॉयनें त्या गृहस्थास वरिष्ठ कायदे कौन्सिलांत नेमावयाचें, असा तो प्रकार होता. सर फिरोजशहा मेहता यांच्या जागीं मुंबईहून या रीतीनें जे गेले ते गोपाळ कृष्ण गोखले. वय पस्तीस, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजांतील अध्यापक. कौन्सिल तेव्हां कलकत्त्यास भरे, अध्यक्षस्थानीं लॉर्ड कर्झन असत आणि सरकारी सभासदांचें बहुमत पक्कें असे. अर्थसंकल्पावर बोलण्याची परवानगी होती, पण मत देण्याची नव्हती. असा सभासद करणार तरी काय, असें कोणासही वाटावें.

२६ मार्च १९०२ रोजीं गोखले अर्थसंकल्पावर प्रथम बोलले. सुमारें सात कोटि रुपयांची शिल्लक पडली होती आणि तिजबद्दल अर्थमंत्र्यांचें अभिनंदन चाललें होतें. या अभिनंदनांत आपणांस सामील होतां येत नाहीं, असें या नव्या सभासदानें पहिल्याच भाषणांत सांगितलें. ही शिल्लक भरभराटीची खूण नसून, रुपयाचा भाव घसरला असतां जे कर वाढविले ते भाव सांवरल्यावरही तसेच ठेवल्याचा परिणाम आहे, आणि तेंही दोन भयंकर दुष्काळांतून देश नुकताच बाहेर पडत असतांना, हें त्यांनीं सरकारच्याच आंकड्यांवरून दाखवून दिलें. मिठावर तेव्हां दर मणास अडीच रुपये कर होता. तो १९०३ सालीं दोन रुपये झाला, १९०५ सालीं दीड रुपया आणि १९०७ सालीं एक रुपया. १९०३ सालींच प्राप्तीवरील कराची मर्यादाही पांचशेंवरून हजार रुपयांवर नेण्यांत आली. हें सर्व एका भाषणानें घडलें असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु मताचा अधिकार नसलेल्या एका सभासदाचें म्हणणें सरकारास दरवर्षीं ऐकून घ्यावें लागलें, एवढें खास.

हें बळ आलें कोठून? व्यासंगांतून. सोलापूरच्या बाजूस शिक्षकी केलेले रावबहादुर गणेश व्यंकटेश जोशी हे सरकारी जमाखर्चाचे अजोड अभ्यासक होते. त्यांच्याशीं पत्रव्यवहार करून आणि आंकडे पुनःपुन्हा पडताळून गोखल्यांनीं आपलीं भाषणें तयार केलीं. पांच वर्षांपूर्वींचा एक कटु अनुभवही त्यांच्या पाठीशीं होता. १८९७ सालीं विलायतेंत असतांना पुण्याहून आलेल्या पत्रांवर विश्वासून त्यांनीं प्लेगच्या बंदोबस्तावरील गोऱ्या शिपायांवर गंभीर आरोप केले. परत आल्यावर पुरावा मिळेना, आणि त्यांस जाहीर माफी मागावी लागली. स्वकीयांनीं त्याबद्दल त्यांस थोडें का छळलें? पुढें कौन्सिलांत त्यांनीं आधाराशिवाय वाक्य उच्चारलें नाहीं, याचें बीज त्या दुःखांत असावें.

आणि तरीही ते हरले. सहा ते दहा वर्षांच्या मुलांस सक्तीचें प्राथमिक शिक्षण देण्याची मुभा स्थानिक संस्थांना असावी, असें माफक विधेयक त्यांनीं १९११ सालीं मांडलें. मार्च १९१२ मध्यें तें १३ विरुद्ध ३८ मतांनीं फेटाळलें गेलें. १९१५ सालीं गोखले निवर्तले. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा मूलभूत हक्क देणारी घटनादुरुस्ती झाली ती २००२ सालीं, आणि तिचा कायदा झाला २००९ सालीं. मध्यें जवळजवळ शंभर वर्षें गेलीं. कौन्सिलाच्या दप्तरांत मात्र तें १९१२ चें भाषण होतें तसें राहिलें, आणि शिक्षणाचा प्रश्न निघाला कीं कोणी ना कोणी तें उघडीत गेलें.

स्वातंत्र्यानंतर राज्यसभेची पहिली बैठक १३ मे १९५२ रोजीं भरली. सभासद २१६, त्यांत राष्ट्रपतींनीं नेमलेले १२. या पहिल्या तुकडींत विज्ञानाचे सत्येंद्रनाथ बोस, शिक्षणाचे झाकिर हुसेन, हिंदी काव्याचे मैथिलीशरण गुप्त, रंगभूमीचे पृथ्वीराज कपूर, नृत्यकलेच्या रुक्मिणीदेवी अरुंडेल आणि आपल्या साताऱ्यास जन्मून गुजराती साहित्याचे अलंकार झालेले काकासाहेब कालेलकर होते. पुढें १९५६ सालीं नाटककार मामा वरेरकर आले. काकासाहेबांकडे तर १९५३ सालीं मागासवर्गीयांच्या पहिल्या आयोगाचें अध्यक्षपद आलें, आणि त्यासाठीं देशभर हिंडून त्यांनीं १९५५ सालीं अहवाल सादर केला.

आपल्या वाचकांस विशेष जिव्हाळ्याचें नांव म्हणजे महामहोपाध्याय पांडुरंग वामन काणे. १९५३ सालीं ते नेमले गेले तेव्हां त्यांचें वय त्र्याहत्तर होतें. मुंबईच्या हायकोर्टांतील वकिली आणि विद्यापीठाचें कुलगुरुपद हीं दोन्ही झालेलीं, आणि धर्मशास्त्राच्या इतिहासाचें प्रचंड काम चालू. त्याचा पहिला खंड १९३० सालीं निघाला होता. शेवटचा निघाला १९६२ सालीं. ते सभागृहांत असतांनाच १९५५ सालीं विवाहाचा आणि १९५६ सालीं वारसा, दत्तक व अज्ञानपालकत्व यांचे कायदे झाले. विवाह आणि वारसा या दोन विषयांचीं विधेयकें तर प्रथम राज्यसभेंतच मांडलीं गेलीं. घटस्फोट असावा कीं नसावा, मुलीस वांटा द्यावा कीं न द्यावा, यावरून त्या काळीं घराघरांत वाद माजले होते. आणि सुधारकांपासून सनातन्यांपर्यंत जो तो शास्त्राचा हवाला देई. मूळ वचन काय, तें कोणत्या स्मृतींतलें, त्यावर कोणत्या टीकाकारानें काय म्हटलें आणि रूढि कोणत्या शतकांत कोठें वळली, हें ज्यास ठाऊक होतें असा एक पुरुष त्या सभागृहांत मताचा अधिकार घेऊन बसला होता. आमदारांच्या मतांवर काणे निवडून आले असते काय? बहुधा ते उभेच राहिले नसते. नेमणुकीचें कलम ठेवणारांच्या मनांत अशीच माणसें असलीं पाहिजेत. १९५९ सालीं राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नेमणूक झाल्यावर त्यांनीं सभासदत्व सोडलें, आणि १९६३ सालीं त्यांस भारतरत्न मिळालें.

रुक्मिणीदेवींचें उदाहरण याहून निराळें आहे. राज्यसभेवर नेमल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. नृत्याच्या क्षेत्रांतून आलेल्या बाई सभागृहांत शोभेपुरत्या बसतील अशी ज्यांची समजूत असेल त्यांस आश्चर्य वाटलें असेल. कारण त्यांनीं पहिल्याच मुदतींत मुक्या प्राण्यांच्या छळास आळा घालणारें खाजगी विधेयक मांडलें. खाजगी विधेयकाचा मार्ग मोठा खडतर असतो. स्वातंत्र्यापासून आजवर अशीं केवळ चौदा विधेयकें कायद्याच्या पदवीस पोंचलीं, आणि १९७० नंतर एकही नाहीं. रुक्मिणीदेवींनींही सरकार या प्रश्नांत लक्ष घालील असें पंडित नेहरूंचें आश्वासन मिळाल्यावर आपलें विधेयक परत घेतलें. पण त्यांनीं पाठपुरावा सोडला नाहीं. १८९० च्या जुन्या कायद्याच्या जागीं सरकारनें १९६० सालीं नवा कायदा केला, आणि त्यान्वयें १९६२ सालीं जें मंडळ स्थापन झालें त्याच्या पहिल्या अध्यक्षा त्याच झाल्या. आज रस्त्यांत अतिभारानें वांकलेल्या बैलाच्या बाजूनें कोणी पोलिसांत तक्रार करितो ती याच कायद्याच्या आधारावर.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. लता मंगेशकर १९९९ ते २००५ आणि सचिन तेंडुलकर २०१२ ते २०१८ या काळांत नेमलेले सभासद होते. दोघेही महाराष्ट्राच्या गळ्यांतील ताईत. दोघांच्याही अल्प उपस्थितीवर सभागृहांत आणि बाहेर टीका झाली. तेंडुलकरांनीं मुदतीअखेर आपलें वेतन पंतप्रधानांच्या साह्य निधीस दिलें, हें त्यांच्या उदारपणास साजेसेंच झालें. परंतु येथें दोष त्यांच्याकडेच काय म्हणून द्यावा? ज्यांची सारी तपश्चर्या दुसऱ्या क्षेत्रांत आहे त्यांस केवळ गौरव म्हणून ही जागा देणें, हीच मूळ चूक. गौरवासाठीं पदकें आहेत, पदव्या आहेत. राज्यसभेची जागा हें काम आहे; त्यास दिवस द्यावे लागतात, रात्रीं जागून अहवाल वाचावे लागतात. परवानगीवांचून साठ दिवस गैरहजर राहणाऱ्याची जागा रिकामी ठरविण्याचा अधिकार संविधानानें सभागृहास दिला आहे तो याचसाठीं. निवडून आलेले सभासदही या दोषापासून मुक्त आहेत असें नाहीं. त्यांचीं नांवें मोठीं नसल्यामुळें त्यांच्या रिकाम्या बाकांकडे कोणाचें लक्ष जात नाहीं, इतकेंच.

तेव्हां नव्या सभासदाकडे पाहतांना तो निवडलेला कीं नेमलेला हा प्रश्न विचारून थांबूं नये. त्यानें कोणता विषय आपला मानला, त्या विषयाचे कागद त्यानें पाहिले काय, आणि ज्यांस स्वतः बोलतां येत नाहीं अशा कोणासाठीं तो उभा राहिला, हे प्रश्न विचारावे. गोखल्यांस मतही नव्हतें आणि काण्यांस मतदारसंघ नव्हता. दोघांपाशीं विषय मात्र होता, आणि त्यासाठीं घालविलेलीं वर्षें होतीं.

हें तपासणें पूर्वीं कठीण होतें, आतां नाहीं. राज्यसभेंत बोलला गेलेला शब्द न् शब्द प्रसिद्ध होतो, कोणत्या सभासदानें कोणत्या मंत्र्यास काय विचारलें आणि काय उत्तर मिळालें हें घरबसल्या वाचतां येतें, आणि हजेरीची नोंदही पाहतां येते. नव्या सभासदाच्या पहिल्या भाषणांत कोणी व्यत्यय आणूं नये असा तेथें संकेत आहे. त्यामुळें तें भाषण बहुधा सलग वाचावयास मिळतें. महाराष्ट्राच्या एकोणीस जणांपैकीं जे नव्यानें गेले असतील त्यांपैकीं एकाचें असें पहिलें भाषण घरांतील कॉलेजांत जाणाऱ्या मुलामुलींनीं सुटीच्या दिवसांत शोधून काढावें आणि रात्रीं जेवणें आटोपल्यावर सर्वांस वाचून दाखवावें. त्यांत आंकडा आला तर तो बरोबर आहे काय हें आजोबांनीं विचारावें, आणि त्या कायद्यानें स्वयंपाकघरांत काय फरक पडेल हें आईनें किंवा काकूनें विचारावें. उत्तर मिळालें नाहीं तर त्या सभासदास एक पत्र लिहावें. आपल्या पत्राची वाट पाहणारा कोणीतरी आहे, हें नव्या सभासदास जितक्या लवकर कळेल तितकें बरें.